मदत हवी आहे: ॲटॅक येऊन गेलाय, स्टेंट आहे, पण बीपी-शुगर नाही. कोरोना लसीच्या ४५ ते ५९ च्या यादीत बसतं का?

नमस्कार मंडळी, दादासाठी विचारतेय, जरा घाईचं आहे. दादा ४८ वर्षांचा, अमरावतीत किराणा दुकान. २०१९ मध्ये ॲटॅक आला, अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट आहे. शेवटच्या टूडी इकोत (हार्टची सोनोग्राफी) हार्टचं पंपिंग ४५ टक्के. मी इकडे पुण्यात, सगळी धावपळ वहिनी करतेय.

१ मार्च २०२१ पासून साठीच्या पुढचे आणि ४५ ते ५९ मधले आजारवाले यांना लस सुरू झाली तेव्हा वाटलं चला सुटलो, हार्ट पेशंटचा नंबर तर लागणारच. प्रायव्हेटमध्ये २५० रुपये भरायचीही तयारी होती. पण सर्टिफिकेट लागतं म्हणून वहिनी तो २० आजारांचा फॉर्म घेऊन डॉक्टरांकडे गेली तर ते म्हणाले, टिक कुठे करू तुम्हीच सांगा. अँजिओप्लास्टी, बायपास, ॲटॅक हे सगळं यादीत आहे, पण सोबत बीपी किंवा शुगरची ट्रीटमेंट चालू असेल तरच. पंपिंगवाल्या ओळीत ४० च्या खाली पाहिजे. हार्ट फेल्युअर असेल तर वर्षभरात ॲडमिट झालेला पाहिजे. दादा कशातच बसत नाही!

मेटोप्रोलोल चालू आहे, ती बीपीचीपण गोळी ना, मग ती धरता येईल का? डॉक्टर म्हणतात ती हार्टसाठी दिलीय, बीपीचं निदान नाही, खोटं लिहिणार नाही. त्यांचं बरोबर आहे, खोटा कागद मलाही नकोय. पण फेब्रुवारीतल्या लॉकडाऊनमध्येसुद्धा किराणा चालूच होता, दिवसभर गिऱ्हाईक समोर, आणि घरी बसून राहणं त्याला परवडत नाही. कुणाचा असाच प्रॉब्लेम झालाय का, काय केलंत? आणि इकोस्प्रिन, क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ करायच्या गोळ्या लसीआधी बंद करायच्या का?

प्रतिसाद १:
ताई, गोळ्या मनानं अजिबात बंद करू नका, स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. टोचणाऱ्या सिस्टरना आधी सांगा आणि नंतर कापूस नेहमीपेक्षा जास्त वेळ दाबून धरा. कोव्हॅक्सिनच्या पत्रकात रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर घेऊ नका असं आहे, कोव्हिशिल्डच्या पत्रकात आधी सांगा एवढंच आहे, म्हणून केंद्रावर कुठली आहे ते विचारा आणि तुमच्या डॉक्टरांशी बोला. सर्टिफिकेट कुठल्याही रजिस्टर्ड डॉक्टरचं चालतं. जुनं डिस्चार्ज कार्ड काढा, त्यात हायपरटेन्शन लिहिलेलं असू शकतं.

धागाकर्ती:
काढलं, वहिनीने फोटो पाठवला. निळ्या पेनाने स्वच्छ लिहिलंय, नो एचटीएन, नो डीएम, म्हणजे बीपी नाही, शुगर नाही. एरवी हे वाचून किती बरं वाटलं असतं.

प्रतिसाद २ (२३ मार्च):
आत्ता बातमी आली, १ एप्रिलपासून ४५ वरच्या सगळ्यांना, सर्टिफिकेट लागणार नाही. दादांचं काम झालं ताई!

धागाकर्ती:
देव पावला, वहिनीला लगेच फोन करते. खूप खूप आभार सगळ्यांचे.

प्रतिसाद ३:
छान झालं. पण ४५ च्या आतल्यांचं काय? माझी बहीण ३८ ची, रुमॅटिक हार्टमुळे व्हॉल्व्ह बदललाय, कायम वॉरफरिनवर (रक्त पातळ करायची गोळी) आहे. तिच्यासाठी कुठे अर्ज करता येतो का, कुणाला माहिती असेल तर प्लीज सांगा.