विमान रद्द झालं तर भरपाई मागायची, की कोल्हापूरचं विमान टिकावं म्हणून गप्प बसायचं?

रंकाळ्याकाठचा

गेल्या महिन्यात आईला घेऊन मुंबईला निघालो होतो. परळला तपासणीची तारीख दीड महिना थांबून मिळाली होती. आईचे गुडघे गेलेत, रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये चढणं-उतरणं तिला झेपत नाही, म्हणून मुद्दाम उजळाईवाडीच्या विमानतळावरून दुपारचं विमान घेतलं. सकाळी साडेनऊला मेसेज आला : 'ऑपरेशनल कारणास्तव आपले विमान रद्द.' शेवटी टॅक्सी केली. ११,००० रुपये गेले, आणि त्याहून वाईट म्हणजे आई आठ तास पाय दुमडून बसली.

वाटेत कराडजवळ फोन लागला. पलीकडची मुलगी म्हणाली, 'हवामान खराब आहे सर, त्यामुळे भरपाई नाही.' मेसेजमध्ये ऑपरेशनल, फोनवर हवामान. आणि त्याच दुपारी आमच्या गल्लीतले एक काका दुसऱ्या कंपनीच्या विमानानं मुंबईहून उतरून घरी जेवायला पोचले होते.

परत आल्यावर तिकीट काढून देणाऱ्याकडं गेलो. तो म्हणाला, 'सोडा हो साहेब. जास्त ताणलं तर कंपनी कोल्हापूरच सोडून जाईल.' हे वाक्य मी याआधीही चार जणांकडून ऐकलंय. ते मला पटत नाही, आणि त्यावरच बोलायचंय.

डीजीसीएचा, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेचा, नियम साधा आहे. विमान रद्द होणार हे कंपनीनं दोन आठवडे आधी सांगायचं. त्यानंतर, पण निदान २४ तास आधी सांगितलं, तरी दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत द्यायचे. २४ तासांच्या आत सांगितलं, तर आपल्याला चालेल असं दुसरं विमान द्यायचं, नाहीतर पूर्ण पैसे परत आणि वर भरपाई. एक तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,०००, एक ते दोन तासांच्या ७,५००, त्याहून मोठ्याला १०,०००. पण हा आकडा किंवा आपल्या तिकिटाचं एका बाजूचं मूळ भाडं अधिक इंधन आकार, या दोन्हींत जे कमी असेल ते. माझ्या तिकिटावर ते २,८०० होतात. हवामान, पूर, संप, हवाई वाहतूक नियंत्रण, सुरक्षा अशी कंपनीच्या हाताबाहेरची कारणं असतील तर भरपाई नाही. म्हणून तर 'हवामान' हा शब्द इतक्या पटकन तोंडात येतो.

मी कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे तक्रारी बघणाऱ्या अधिकाऱ्याला, ईमेल करून एकच विचारलं : रद्द करण्याचं नेमकं कारण लेखी द्या. बारा दिवसांनी उत्तर आलं, कारण त्यात नाहीच. पैसे परत केले आहेत आणि पुढच्या प्रवासासाठी १,५०० रुपयांचं कूपन देतो, एवढंच. कूपन नाकारलं. आता अपील अधिकाऱ्याकडं लिहिलंय. २,८०० रुपयांसाठी हे करतोय का, असं घरातही विचारतात. मला ते कारण लेखी हवंय.

तिकीटवाला_शाहूपुरी

दादा, आईंना त्रास झाला ते वाईटच झालं. पण जे वाक्य तुम्हाला पटत नाही, ते मीही रोज बोलतो आणि मनापासून बोलतो.

तुम्ही ती वर्षं विसरलात. १९३९ साली राजाराम महाराजांच्या काळात उभा राहिलेला विमानतळ, आणि २०१८ मध्ये लहान शहरं विमानानं जोडायच्या केंद्राच्या उडान योजनेखाली विमान पुन्हा सुरू होईपर्यंत बरीच वर्षं तिथं प्रवासी विमानच नव्हतं. माझं दुकान तेव्हाही होतं. इचलकरंजीचा कापडवाला, हुपरीचा चांदीवाला, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतले साहेब, सगळ्यांना मी पुण्याला नाहीतर बेळगावला पाठवत होतो. पहाटे तीनला गाडी, मग पुण्यात विमान. ते दिवस मला परत नकोत.

मोठ्या शहरात एक मार्ग बंद झाला तर दहा उरतात. आपल्याकडं एका गावाला दिवसाला एक-दोन विमानं. त्यातलं एक दुसऱ्या गावाला वळवायला कंपनीला एक बैठक पुरते. प्रत्येक रद्द विमानामागं पन्नास-साठ तक्रारी गेल्या, तर हिशेब करणारा माणूस काय ठरवेल? आणि तुम्हीच लिहिलंय की हातात २,८०० येणार. त्यासाठी महिना-दोन महिने ईमेल लिहीत बसायचं?

उचगाव_पुलाजवळ

तिकीटवाले, विमान ही काय कुणी घातलेली भीक आहे का? उडानमध्ये कंपनीला तोटा भरून द्यायला पैसे मिळतात, तीन वर्षं त्या मार्गावर दुसरं कोणी नको अशी मुभा मिळते. त्या पैशातला वाटा राज्य सरकारचाही असतो, म्हणजे तो आपल्या करातनं जातो. भरपाई मागितली म्हणून मार्ग बंद पडत नाही. सीटा रिकाम्या गेल्या की बंद पडतो. आणि सीटा रिकाम्या का जातात? विमान येईल की नाही याचा भरवसा नसला की आमच्यासारखा माणूस रात्रीची रेल्वेच बघतो.

पूर्वी_काउंटरवर

मी साडेतीन वर्षं एका विमानतळावर काउंटरला होतो (कोल्हापूर नव्हे). इथं दोन्ही बाजूंनी बोलतायत त्यांना काही सांगायचंय.

हवामानाचं कारण प्रत्येक वेळी खोटं नसतं. पावसाळ्यात ढग इतके खाली येतात की ठरलेल्या उंचीपर्यंत उतरूनही वैमानिकाला धावपट्टी दिसत नाही. मग उतरायचंच नाही, असा नियम आहे आणि तो बरोबर आहे. पाऊण तास आधी दुसरं विमान उतरलं म्हणजे तुमचंही उतरू शकलं असतं, असं होत नाही. शिवाय तेच विमान सकाळपासून तीन गावं करून येतं. पहिल्या गावात धुक्यानं दोन तास गेले की संध्याकाळपर्यंत वैमानिकांच्या ड्युटीचे तास संपतात. मग काउंटरवरच्या पोराच्या स्क्रीनवर 'ऑपरेशनल' एवढंच येतं. त्यालाही खरं कारण माहीत नसतं. त्याच्यावर ओरडून काही मिळत नाही. माझ्या अंगावर एकानं पाण्याची बाटली फेकली होती. मी बावीस वर्षांचा होतो.

आता प्रवाशांसाठी. काउंटरवर 'उद्याच्या विमानात बसवतो' म्हटलं की लोक घाईनं हो म्हणतात. तुम्ही दुसरं विमान स्वीकारलंत की रोख भरपाईचा मुद्दा बहुतेक तिथंच मिटतो. म्हणून आधी ठरवा, उद्या जाऊन चालणार आहे का. चालणार नसेल तर 'पैसे परत आणि भरपाई' असं त्याच जागी लेखी मागा. विमान रद्द झाल्याचं पत्रही मागा, कंपन्या ते देतात.

आणि रद्द होणं वेगळं, उशीर वेगळा. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तासांहून उशीर झाला तर खाणंपिणं द्यायला लागतं. सहा तासांहून जास्त उशीर असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे, हे तुम्ही ठरवायचं. २४ तासांच्या पुढं गेलं तर हॉटेल. रात्री आठ ते पहाटे तीनमधलं विमान असेल तर सहा तासांवरच हॉटेल. उशिराला रोख भरपाई नाही. हे माहीत नसल्यामुळं अर्धी भांडणं होतात.

बावड्याची_सून

मला वादात पडायचं नाही, पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमचं तिरुपतीचं विमान रद्द झालं तेव्हा माझ्या सासऱ्यांनी इंटरनेटवर 'कस्टमर केअर' शोधून पहिला दिसला तो नंबर लावला. समोरचा माणूस अगदी गोड बोलला. पैसे परत करतो म्हणून एक ॲप उतरवून घ्यायला लावलं आणि खात्यातनं ३८,००० गेले. तो नंबर कंपनीचा नव्हताच. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन केला म्हणून थोडे पैसे वाटेत अडले, बाकी गेले ते गेलेच. त्यानंतर सासरे महिनाभर कुणाशी नीट बोलले नाहीत.

नंबर घ्यायचा तर तिकिटावरचा किंवा कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचा घ्या. पैसे परत करायला कुणालाही तुमचा ओटीपी लागत नाही.

जिल्हा_आयोगात_वकिली

धागाकर्त्याची वाट बरोबर आहे : आधी नोडल अधिकारी, मग अपील अधिकारी. दोघांची नावं-पत्ते संकेतस्थळावर देणं कंपनीला बंधनकारक आहे. त्यानंतर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाचं एअरसेवा पोर्टल, जे २०१६ पासून आहे. तिथं तक्रार नोंदवली की कंपनीला उत्तर द्यावंच लागतं, आणि बऱ्याचदा तिथंच विषय मिटतो. ग्राहक हेल्पलाइन १९१५ हाही मार्ग आहे.

तरीही नाही मिटलं तर २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा. कंपनीचं कार्यालय दिल्लीत असो की गुरुग्राममध्ये, तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे कोल्हापूरच्याच जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षं. वकील लागतोच असं नाही, हे मी वकील असून सांगतोय. डीजीसीएच्या नियमातली रक्कम ही कमाल नुकसानभरपाई आहे असा लोकांचा समज आहे, पण तसं नाही. आयोगापुढं टॅक्सीचं बिल, सेवेतली त्रुटी, मानसिक त्रास हे सगळं मांडता येतं. २,८०० च्या पुढचं बोलणं तिथं होतं.

पण तिकीटवाल्यांच्या बाजूनंही एक सांगतो. कायद्यात निकालासाठी तीन महिने लिहिलेत, प्रत्यक्षात त्याहून बराच वेळ जातो. तारखांना हजर राहायची तयारी हवी. आणि खरोखर हवामानच खराब असेल तर हरण्याची शक्यता जास्त. मी अशी तीन प्रकरणं परत पाठवलीत. धागाकर्त्याचं प्रकरण मात्र मी घेतलं असतं, कारण मेसेजमध्ये एक कारण आणि फोनवर दुसरं. तो मेसेज, फोनची वेळ आणि त्या दिवशी उतरलेल्या दुसऱ्या विमानाची नोंद जपून ठेवा.

तिकीटवाला_शाहूपुरी

वकीलसाहेब, तुमचं मान्य. पण तुमच्याकडं येणारा माणूस एकदा भांडतो आणि जिंकतो किंवा हरतो. मला त्याच कंपनीच्या माणसाशी रोज बोलायचं असतं. उद्या कुणाच्या घरी मयत झाली आणि मला शेवटची सीट हवी असली, तर ती ओळखीवर मिळते. हे नियमात नाही, पण गाव असंच चालतं.

रंकाळ्याकाठचा

तिकीटवाले, मयताच्या वेळची सीट मी नाकारत नाही. माझ्या मामांच्या वेळी तुमच्यासारख्याच एकानं ती मिळवून दिली होती. पण एक विचारतो, राग मानू नका. माझ्या तिकिटावर मोबाइल नंबर कुणाचा होता? मेसेज मला आला तो आमच्या तिकीटवाल्यानं पुढं पाठवला म्हणून. नियमात स्पष्ट आहे : प्रवाशानं संपर्काची पुरेशी माहिती दिली नसेल तर भरपाई द्यायला कंपनी बांधील नाही. म्हणजे दुकानाचा नंबर टाकला की प्रवाशाचा हक्क त्याच वेळी पातळ होतो, आणि त्याला ते कळतही नाही. पैसे परत येतानाही तेच. एजंटामार्फत तिकीट असलं तरी परताव्याची जबाबदारी कंपनीचीच असते, आणि पैशाऐवजी पुढच्या तिकिटासाठी क्रेडिट घ्यायचं की नाही हे प्रवाशानं ठरवायचं असतं. हे किती दुकानांत सांगतात?

निवृत्त_राजारामपुरी

मी दोघांशीही सहमत नाही. भरपाईनं आईच्या गुडघ्यांचं दुखणं भरून येत नाही, आणि गप्प बसून विमान वेळेवर येत नाही. डिसेंबर २०२५ मध्ये वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांसाठी पुरेशी तयारी नव्हती म्हणून देशभर हजारो उड्डाणं रद्द झाली. लग्नाची वऱ्हाडं विमानतळावर झोपली. तेव्हा सरकारला मध्ये पडून परतावे द्यायला लावावे लागले. एकेकट्याची ईमेल कुणी वाचली नसती. एकाच दिवशी देश ओरडला म्हणून हललं.

कोल्हापूरला ओरडायची सवय आहे. उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचसाठी चार दशकं वकिलांनी आणि गावानं लढा दिला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ते इथं सुरू झालं. विमानासाठी तसं का नाही? कुठलं विमान किती वेळा रद्द झालं आणि कारण काय सांगितलं, याची महिन्याची यादी करून ती खासदारांना आणि विमानतळाच्या सल्लागार समितीला द्यावी. एका माणसाच्या २,८०० पेक्षा ती यादी जड पडेल.

उचगाव_पुलाजवळ

गुरुजी, यादीत लिहायला कारणं तरी लेखी हवीत की. ती धागाकर्ता मागतोय तशीच मिळणार. एकेकानं मागितल्याशिवाय तुमची यादी कोरीच राहील.

निवृत्त_राजारामपुरी

हे मात्र खरं. मग माझंही एक घ्या : जूनमधलं बेंगळुरूचं विमान रद्द झालं होतं, मी काहीच विचारलं नव्हतं. मुदत दोन वर्षं आहे म्हणताय, तर आज लिहितो.

तिकीटवाला_शाहूपुरी

नंबरचं तुमचं बरोबर आहे. दुकानाचा नंबर टाकायची सवय पडली, कारण म्हातारी माणसं मेसेज बघत नाहीत आणि मग मलाच फोन येतात. उद्यापासून प्रवाशाचा किंवा त्याच्या पोराचा नंबर टाकतो, दुकानाचा दुसऱ्या रकान्यात. आयोगात जायला मात्र मी कुणाला सांगणार नाही. त्यावर माझं मत बदललेलं नाही.

रंकाळ्याकाठचा

अपील अधिकाऱ्याचं उत्तर आज आलं. कारण लिहिलंय : 'विमान उपलब्ध नसणे.' हवामान नाही. भरपाई द्यायला तयार आहेत, २,८००, बँकेचा तपशील मागितलाय. वकीलसाहेब, हे घेतलं तर टॅक्सीच्या ११,००० साठी पुढं जाता येईल का, की स्वीकारताना काही लिहून द्यावं लागेल? तपशील पाठवायच्या आधी विचारतोय.

जिल्हा_आयोगात_वकिली

'संपूर्ण आणि अंतिम' असा शब्द त्यांच्या पत्रात असेल तर सही करू नका. 'नियमानुसार देय रक्कम स्वीकारत आहे, उर्वरित नुकसानीबद्दलचे हक्क राखून' असं उत्तरात लिहा आणि मग तपशील पाठवा. पत्राची प्रत घेऊन सोमवारी या, अकरानंतर.