मदत हवी आहे : आमची बॉर्डर कोली गुरं वळते, पण हाकत नाही

राम राम मंडळी.

सोलापूर-मोहोळ रस्त्याला आमची शेती आहे. दोन वर्षांमागं पुण्यातल्या एका ओळखीच्यांनी त्यांची बॉर्डर कोली (मेंढ्या वळणाऱ्या विलायती जातीची कुत्री) आमच्याकडं आणून सोडली. फ्लॅटमधला सोफा फाडून झाला होता. मग ती सोसायटीतल्या पोरांना कोपऱ्यात गोळा करून बसवायला लागली, तेव्हा त्यांनी हात टेकले. नाव चिंगी, वय तीन. इथं आल्यावर आठव्या दिवशी तिनं आमच्या चार खिलार कालवडी ज्वारीतून बाहेर काढून माझ्या पायाशी आणून उभ्या केल्या. शिकवलं कुणी नव्हतं. वडील म्हणाले, "गड्याची हजेरी वाचली."

आता अडचण. आम्ही चौघं कुत्रेवाले मित्र गड्ड्याच्या यात्रेआधी एका रविवारी पडीक रानात आपसातली ट्रायल, म्हणजे कुत्र्यांनी गुरं वळायची स्पर्धा, घेणार आहोत. तिकीट नाही, बक्षीस नाही, हरणाऱ्यानं हुरड्याचा खर्च करायचा. गुणांची पद्धत इंग्लंडकडच्या मेंढ्यांच्या ट्रायलची उचलली: लांबून वळसा घालून मागं जाणं २०, जनावर जागचं हलवणं १०, मालकाकडं आणणं २०, मालकापासून दूर हाकत नेणं ३०, कळपातलं वेगळं काढणं १०, कोंडणं १०. ऑस्ट्रेलियात गुरांच्या ट्रायलला तीन जनावरं सोडतात, तेवढं तिकडचं घेतलं.

पहिल्या ५० गुणांत चिंगीला तोड नाही. पण ३० गुणांचं हाकणं म्हणजे भोपळा. जनावरं माझ्यापासून दहा पावलं लांब गेली की ही पळत त्यांच्या तोंडासमोर जाते आणि परत माझ्याकडं आणते. त्यात भर म्हणजे हाकताना 'डावी' म्हटलं की उजवीकडं पळते. आणताना मात्र हेच शब्द बरोबर ऐकते! मुद्दाम करते की काय, अशी शंका यायला लागलीय. शेजाऱ्यांच्या दोन पंढरपुरी म्हशींवर सराव केला, तर म्हशी तोंड वळवून उभ्या राहतात आणि ही मागं जाऊन खुराला चावते. काय करावं?

मेंढका सांगोला
भाऊ, आधी म्हशी बंद करा. पंढरपुरीचं शिंग खांद्याच्या मागं जातं, तिनं नुसती मान झटकली तरी कुत्रं गेलं. बाकी आमच्यात कुत्रं वळत नाही. मेंढका पुढं चालतो, मेंढरं मागं येतात. कुत्र्यानं रात्री लांडग्याकडं बघायचं. तुमचं हे उलटंच आहे, पण बघायला येणार. हुरडा असेल तर नक्की.

शेपटीवाली
मी न्यूझीलंडला डेअरी फार्मवर तीन वर्षं होते, तेवढ्या अनुभवावर लिहितेय. दोन प्रश्न. 'डावी' म्हणजे कुणाची डावी? आणि चिंगीला लांब सोडताना काय म्हणता?

धागाकर्ता
ताई, डावी म्हणजे माझी डावी. सोडताना फक्त 'जा' म्हणतो, बाजू ती निवडते.

शेपटीवाली
मग चूक चिंगीची नाही, दादा. ती गुरांच्या पलीकडे तुमच्याकडे तोंड करून असते, तेव्हा तुमच्या डावीकडे जायला तिला गुरांभोवती घड्याळाच्या उलट फिरावं लागतं. असं शेकडो वेळा झालं, म्हणून 'डावी' म्हणजे उलटा फेरा हे तिनं पक्कं केलं. हाकताना ती गुरांच्या अलीकडे, तुमच्याच बाजूला असते. तिथे उलटा फेरा म्हणजे तुमची उजवी. ती तेच करते आणि तुम्ही ओरडता.

म्हणून तिकडे डावी-उजवी म्हणत नाहीत. 'कम बाय' म्हणजे गुरांभोवती घड्याळाप्रमाणे, 'अवे' म्हणजे उलट. माणूस कुठेही उभा असो, अर्थ बदलत नाही. तुम्ही देवळाचा हिशोब धरा. गुरं म्हणजे गाभारा, 'कम बाय' म्हणजे प्रदक्षिणा. जुने दोन्ही शब्द टाकून द्या, नवे घ्या.

तोंडासमोर पळणं हा वेगळा मुद्दा. गुरांच्या एका बाजूला तुम्ही आणि बरोबर समोर ती, ही जागा या जातीच्या रक्तात आहे. आणणं उपजत, हाकणं शिकवावं लागतं. म्हणूनच त्याला ३० गुण! तुमच्याकडे दोन्ही बाजूंनी कुंपण असलेली पाणंद असेल तर तिथे तीन कालवडी घाला. तिला वीसेक फुटांचा दोर बांधा आणि तुम्ही तिच्या शेजारून, गुरांच्या मागे चाला. पुढे जायला वाटच नसली की ती मागे राहते. पाच पावलं नीट गेली की थांबवा, शाबासकी द्या, बास. रोज थोडं वाढवा आणि तुम्ही हळूहळू मागे राहा. थकून चुकायच्या आत थांबवायचं, हे मला फार उशिरा कळलं.

चावण्याबद्दल: जनावराच्या खांद्याच्या मागून दाब आला की ते पुढे जातं, पुढून आला की मागे फिरतं. तोंड वळवून उभ्या म्हशीच्या मागे जाऊन चावलं, तर ती गोंधळून लाथ मारणार. मेंढ्यांच्या ट्रायलमध्ये चावलं तर बहुधा बादच करतात. गुरांच्या ट्रायलमध्ये खुरामागचा बेताचा चावा चालवून घेतात, पण त्याची सवय लावू नका.

गुरांचा डॉक्टर
विषय निघालाच आहे म्हणून. गोचिडासाठी गुरांना आयव्हरमेक्टिनची सुई देतात, तीच 'हिलाही थोडी टोचा' म्हणून कुणी टोचू नये. कोली वंशातल्या काही कुत्र्यांच्या एमडीआर१ जनुकात बदल असतो, त्यांच्या मेंदूत हे औषध साठतं. बॉर्डर कोलीत प्रमाण कमी आहे, पण आहे. गुरांचा डोस किलोला २०० मायक्रोग्रॅम, कुत्र्याला हृदयकृमीपासून वाचवायला ६ पुरतात. फरक बघा. आणि सराव सकाळी नऊच्या आत उरका. कुत्रं मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतं आणि ही जात काम चालू असताना आपण होऊन थांबत नाही. पायात सराटे शिरलेत का, तेही रोज बघा.

धागाकर्ता (अकरा दिवसांनी)
ताई, तुमचं 'कुणाची डावी' वाचून मी अंगणात बायकोला म्हैस करून उभं केलं आणि स्वतः फिरून बघितलं. पटलं. दोन वर्षं मीच चुकीचं शिकवत होतो. बायकोनं म्हैस होण्याचे वेगळे पैसे मागितलेत.

पाणंदीत आता चाळीस पावलं जाते. काल एकदा कुंपण संपल्यावरही मागंच राहिली, वीस पावलं असेल, मग आठवण आली आणि पळाली पुढं. म्हशी बंद केल्या.

एकच राहिलं. 'प्रदक्षिणा' लांबून ओरडायला जड जातं, म्हणून 'परद' केलंय. उलट्या फेऱ्याला 'परत' ठेवलं तर?

शेपटीवाली
अहो, 'परद' आणि 'परत'! वारा सुटला की तुम्हालाच कळायचं नाही. आवाज पूर्ण वेगळा हवा. 'हुई' ठेवा.

मेंढका सांगोला
'हुई' नको. आमची मेंढरं पळतील.