मदत हवी आहे: बाबा बस चालवतात, खोकला हटत नाही

घाटकोपरकर: बाबांचा खोकला काही केल्या जात नाही. एक्स-रे साफ आहे म्हणून डॉक्टरांनी सिरप देऊन पाठवलं. रात्रभर झोप नाही, पहाटे परत ड्यूटी. कुठला मास्क घ्यावा? लवकर सांगा प्लीज.

निशिगंधा: किती दिवस झाले? कफ पडतो का? बिडी-सिगारेट? गाडी एसी की साधी?

सह्याद्री: कापडी मास्क बिनकामाचा, अडीच मायक्रॉनहून बारीक कण त्यातून सहज आत जातात. एन-९५ घ्या, नाकाशी घट्ट बसला पाहिजे. मी मुंबईत एलबीएस रोडला रिक्षा चालवतो. उन्हाळ्यात दिवसभर लावून बसवत नाही, पण थंडीत तरी लावाच. तेव्हा वारा मंदावतो आणि धूळ-धूर खालीच कोंडतो.

अंजिरी: आल्याचा रस आणि मध. माझ्या सासऱ्यांना लगेच उतार पडला.

निशिगंधा: अंजिरीताई, दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर आधी थुंकी तपासायची. टीबीची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. मध नंतर.

डबलडेकर: रिक्षा-टॅक्सी बहुतेक सीएनजीवर आल्या, आता धूर कसला? खरा त्रास बांधकामांच्या धुळीचा.

सह्याद्री: सीएनजीने काजळी कमी होते, नायट्रोजनचे ऑक्साइड निघतातच. ब्रेक-टायर घासून भुकटी उडते ती वेगळी. सिग्नलला डिझेलच्या डंपरमागे उभे राहा, मग बोला.

मैत्रेयी_क: बेडरूमसाठी हवेचा प्युरिफायर घेताना हेपा फिल्टर, म्हणजे अगदी बारीक कण अडवणारा, आहे का ते बघा.

घाटकोपरकर: वन रूम किचन आहे हो आमचं, प्युरिफायर नको. खोकला दिवाळीपासून, कोरडा. जिना चढताना छातीत शिट्टी वाजते. गाडी साधी, खिडकी उघडीच. तंबाखू खातात, बिडी कधीच नाही.

निशिगंधा: अहो, शिट्टीचं आधी सांगायचं ना! श्वासनलिका आवळल्यात का ते एक्स-रेत कळत नाही. त्यासाठी स्पायरोमेट्री करतात, नळीत जोर लावून फुंकायचं. दमा किंवा सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होतात तो आजार, त्यात पकडता येतो. सायन, केईएम, नायर, पालिकेच्या कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलात छातीच्या ओपीडीत दाखवा. तोंडात ओढायचा औषधाचा पंप (इनहेलर) घेत असतील तर तपासणीआधी किती तास बंद ठेवायचा ते विचारून घ्या. धाप लागून बोलता येईना झालं तर ओपीडीची वाट बघू नका, सरळ कॅज्युअल्टीला न्या. ड्रायव्हरचे डोळे तपासतात तशी फुप्फुसंही दरवर्षी तपासायला हवीत, असं मला मनापासून वाटतं.

डबलडेकर: रूट कुठला आहे? बदलून मागा.

घाटकोपरकर: रजाच मिळत नाही, रूट कुठून बदलणार?

सह्याद्री: रिपोर्ट आला की डॉक्टरांकडून हलक्या ड्यूटीची चिठ्ठी मागा. ती डेपोत द्या आणि झेरॉक्सवर पोच घ्या. केसपेपरसाठी सकाळी लवकर रांगेत लागा.