सार्वजनिक बागेत चित्रशिल्प प्रदर्शन: मूळ चित्रे उघड्यावर लावावीत का?

प्रश्न: निशिगंध_कोल्हापूर

नमस्कार. आमच्या वसाहतीतील महापालिकेच्या खुल्या जागेवर रहिवाशांनी वर्गणी आणि श्रमदान यांच्या बळावर गेल्या 9 वर्षांत सुमारे 15 गुंठ्यांची बाग उभी केली आहे. दोन जुनी चिंचेची झाडे, एक बकुळ, कडेने कडुनिंब आणि करंज, मधोमध हिरवळीचा गोल, त्याभोवती चालण्याची फरसबंद वाट, ज्येष्ठांचा कट्टा, घसरगुंडी आणि मागच्या कोपऱ्यात पाच-सहा कुटुंबे आळीपाळीने सांभाळतात ते भाजीचे वाफे, असे तिचे स्वरूप आहे. दक्षिणेच्या बाजूला पुरुषभर उंचीची कुंपणभिंत आहे. बाकी तिन्ही बाजूंना जाळी आहे.

वसाहतीत चार-पाच चित्रकार राहतात, कलाशाळेत शिकणारी मुले आहेत आणि शिल्पकाम करणारे दोघे आहेत. या सर्वांच्या कामाचे दोन दिवसांचे प्रदर्शन जानेवारीच्या अखेरच्या शनिवार-रविवारी बागेतच भरवावे, असा विचार आहे. कलादालनात जाण्याचा संकोच वाटणारी माणसे बागेत रोज येतात, हे त्यामागचे मुख्य कारण.

मात्र गेल्या वर्षीचा अनुभव पाठीशी आहे आणि तो फारसा अभिमानास्पद नाही. मुलांच्या चित्रस्पर्धेनंतर आम्ही झाडांच्या दरम्यान सुतळ्या बांधून चित्रे लावली होती. दुपारी वारा सुटला, चित्रे उलटीसुलटी झाली आणि दोन जलरंगचित्रे नुकतेच पाणी दिलेल्या आळ्यात पडली. त्यातच आमच्यापैकी एका उत्साही कार्यकर्त्याने चिंचेच्या बुंध्याला खिळे ठोकल्याचे नंतर लक्षात आले. म्हणून यंदा आधीच विचारते. मूळ चित्रे उघड्यावर लावणे योग्य आहे का, की त्यांच्या छापील प्रती लावाव्यात? झाडांना इजा न करता मांडणी कशी करावी? आणि रोज बागेत येणाऱ्यांची गैरसोय न होता हे सर्व कसे जमवावे?

उत्तर 1: कोरडा_कुंचला

ताई, आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर माध्यमावर अवलंबून आहे. उन्हाने होणारे नुकसान साठत जाते आणि ते परत फिरत नाही. जलरंगासारख्या नाजूक कामांसाठी संग्रहालये साधारण 50 लक्स (लक्स हे प्रकाशाची तीव्रता मोजण्याचे एकक) आणि तैलरंगासाठी 200 लक्सच्या आसपास प्रकाश ठेवतात. भर दुपारचे थेट ऊन सुमारे 1,00,000 लक्सचे असते आणि मोकळ्या जागेतील चांगल्या सावलीतही सहज 10,000 लक्स भरतात. आता हिशेब करा. 50 लक्समध्ये रोज 8 तास, वर्षातून 300 दिवस टांगलेल्या जलरंगचित्राला वर्षभरात जेवढा प्रकाश लागतो, तेवढा थेट उन्हात सव्वा तासात लागतो, आणि सावलीत रोज 6 तास धरले तर आपल्या दोन दिवसांच्या प्रदर्शनात. एखाद्या चित्राच्या आयुष्यातले एक वर्ष लोकांसाठी खर्चायला मी कुरकुर करणार नाही. पण तेच चित्र दरवर्षी बागेत आणू नये आणि ॲलिझरीन क्रिम्झनसारखे उडणारे रंग असलेली चित्रे मुळीच आणू नयेत. गेरूसारखे मातीचे रंग आणि ॲक्रिलिक यांची काळजी त्या मानाने कमी.

आपल्याकडे दक्षिणेची भिंत आहे, हे भाग्यच म्हणायचे. जानेवारीत आपल्या अक्षांशावर सूर्य दिवसभर दक्षिणेकडेच असतो, त्यामुळे त्या भिंतीची आतली, म्हणजे उत्तरेकडे तोंड असलेली बाजू सकाळपासून संध्याकाळपर्यंत सावलीत राहते आणि तिच्यावर पडणारा प्रकाश एकसारखा असतो. चित्रे तिथे लावा. झाडाखालची सावली आकर्षक वाटते, पण तिथे कवडसे पडतात, आणि कवडसा चित्रावर आला की बघणाऱ्याला चित्रकाराची छाया-प्रकाशाची योजना न दिसता चिंचेची दिसते. काचेच्या चौकटीत मागचे आकाश आणि बघणाऱ्याचा चेहरा उमटतो. बागेत काच शक्यतो टाळावी.

वाऱ्याला कमी लेखू नका. ताशी 36 किलोमीटरचा वारा 3 फूट × 4 फूट कॅनव्हासवर सहा-सात किलोंचा रेटा देतो आणि वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. सुट्ट्या ईझलवर मोठे चित्र ठेवणे म्हणजे शीड उभारणेच. संध्याकाळी दव पडण्यापूर्वी सर्व चित्रे आत न्यावीत आणि ती लगेच प्लॅस्टिकमध्ये न गुंडाळता जुन्या सुती चादरींत ठेवावीत, म्हणजे कागदाने दिवसभरात घेतलेला दमटपणा बाहेर पडतो.

छापील प्रतींचा मार्ग मला पसंत नाही. वाढदिवसाच्या फलकांनी आधीच झाकलेल्या शहरात आणखी एक फ्लेक्स कोण थांबून पाहणार? शिवाय 100 मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी फलकांवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या गावातच पाहण्यासारखी आहे. टाउन हॉलच्या बागेत जानेवारीत होणारी रंगबहार संस्थेची ‘मैफल रंगसुरांची’ आपण पाहिली असेलच. तिथे गाणे चालू असताना चित्रकार आणि शिल्पकार लोकांसमोर काम करतात. एरवी चित्राकडे अर्धा मिनिट पाहणारा माणूस तिथे तासभर उभा राहतो. रंकाळा आणि कोटीतीर्थ या तलावांच्या काठी बसून चित्रकार आबालाल रहिमान यांनी जी निसर्गचित्रे केली, त्या परंपरेच्या गावात बाग ही चित्र टांगण्याइतकीच चित्र काढण्याचीही जागा आहे. माझा आग्रह असा की भिंतीवर पंचवीस-तीसच चित्रे लावावीत आणि उरलेल्या चित्रकारांना बागेत काम करायला बसवावे.

उत्तर 2: आळे_आणि_पाणी

मी उद्यान खात्यात पर्यवेक्षक म्हणून नोकरी केली, म्हणून झाडांच्या बाजूने लिहितो. महाराष्ट्राच्या 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्यात ‘झाड तोडणे’ या संज्ञेत झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणेही येते आणि 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षांहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून वेगळे स्थान मिळाले आहे. आपली चिंच त्यात बसत असण्याची शक्यता आहे. खिळ्याइतकीच, किंबहुना अधिक घातक असते ती सोडायची राहून गेलेली तार. सालीच्या आतला थर पानांत तयार झालेले अन्न मुळांकडे नेतो. खोड जाड होत जाते, तार तिथेच राहते आणि काही वर्षांनी फांदी वाळायला लागली की आपण वाळवीला दोष देतो. त्यामुळे झाडाला काहीही बांधूच नये, हा नियम सर्वांत सोपा. कार्यकर्त्यांना ‘जपून बांधा’ असे सांगितले, तर प्रत्येकाच्या मनातले जपणे वेगळे असते.

मंडपवाल्याकडून बांबू आणि काथ्या घ्या आणि ए आकाराच्या घोड्या बांधून घ्या. पायाशी वाळूची पोती ठेवली की खड्डे खणावे लागत नाहीत. झाडांची अन्न घेणारी बहुतेक मुळे वरच्या फूट-दीड फूट मातीतच असतात आणि ती फांद्यांच्या घेराच्या बाहेरही पसरलेली असतात. तिथे पहार मारणे म्हणजे ताटात पाय देणे. हिरवळीला आधीचे दोन दिवस पाणी देऊ नका, कारण ओल्या मातीवर शे-दोनशे माणसे फिरली की ती विटेसारखी दाबली जाते आणि पुढे दोन महिने गवत धरत नाही. भिंतीकडे जाण्याची वाट फरसबंदीवरूनच ठेवा.

आणि हो, जानेवारीच्या अखेरीस चिंचा गाभुळू लागतात. मुले दगड मारणारच. काचेचे किंवा मातीचे काहीही त्या झाडाखाली ठेवू नका.

उत्तर 3: पहाटफेरी

मी आपल्या वसाहतीतला नाही, पण अशाच एका बागेत गेली 12 वर्षे रोज पहाटे चालतो आणि तिथे झालेल्या ‘सांस्कृतिक कार्यक्रमांचा’ साक्षीदार आहे, म्हणून थोडे कटू लिहितो. पहिल्या वर्षी चित्रे होती. दुसऱ्या वर्षी उद्घाटनासाठी व्यासपीठ आले. तिसऱ्या वर्षी व्यासपीठासाठी ध्वनिक्षेपक, खुर्च्या आणि फटाक्यांची माळ आली, आणि चित्रे मंडपाच्या मागे गेली. ध्वनिक्षेपकाला कायद्याने रात्री 10 ते सकाळी 6 बंदी आहे, म्हणून दिवसभर तो लावलाच पाहिजे असे काहींना वाटते. आपण तो मुळीच आणू नये. बागेत चित्र पाहण्याचे सुख हेच की तिथे कोणी भाषण करत नाही.

सकाळी 6 ते 8 ही वेळ चालणाऱ्यांसाठी मोकळी ठेवा. मांडणी त्यानंतर करा. कट्ट्यावरच्या मंडळींना दोन दिवसांसाठी कट्टा सोडायला सांगण्याऐवजी तो त्यांच्याकडेच ठेवा आणि चित्रांवर लक्ष ठेवण्याचे काम त्यांना द्या. बागेत कोण अनोळखी आले, हे त्यांच्याइतके कोणाला कळत नाही.

निशिगंध_कोल्हापूर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दक्षिणेच्या भिंतीचा मुद्दा इतका साधा असूनही आमच्या कोणाच्याही ध्यानात आला नव्हता. आज दुपारी 1 वाजता जाऊन पाहिले, भिंत पूर्ण सावलीत होती. उद्घाटन, व्यासपीठ आणि ध्वनिक्षेपक हे तिन्ही रद्द करण्याचा प्रस्ताव मी बैठकीत मांडणार आहे. दुसऱ्याबद्दल विरोध होईल, हे आताच सांगून ठेवते. खिळे आणि सुतळीचे उरलेले तुकडे काढण्याचे काम मात्र याच रविवारी करतो.

शिल्पांबद्दल कोणी सांगू शकेल का? आमच्याकडे एक ते दोन फूट उंचीची भाजक्या मातीची दहा-बारा शिल्पे आहेत. एका सभासदांचा आग्रह आहे की प्रदर्शन संपल्यावर एखादे शिल्प बागेत कायमचे ठेवावे.

उत्तर 4: शाडू_आणि_सिमेंट

घरात टेबलावर भारदस्त दिसणारे दोन फुटी शिल्प झाडाखाली नेले की खेळण्यासारखे दिसते. वर आकाश आणि मागे चिंचेचा बुंधा असताना दुसरे काही होणार नाही. त्यामुळे लहान शिल्पे हिरवळीच्या मध्यभागी चौथऱ्यावर ठेवू नयेत. ती भाजीच्या वाफ्यांत न्या. मेथी, वांगी, मिरची यांच्या उंचीत एक-दोन फुटांचे शिल्प बरोबर मापात येते, बघणाऱ्याला वाकावे लागते आणि वाकलेला माणूस नीट पाहतो. ज्या कुटुंबाचा वाफा आहे, त्याच्याशी बोलून जागा ठरवा. पाणी कधी द्यायचे हे त्यांना ठाऊक असते आणि त्यांचाही प्रदर्शनात वाटा राहतो. प्रत्येक शिल्पाखाली दोन सपाट विटा बसवा आणि ते हाताने ढकलून पाहा. मुले हात लावतील असे धरूनच ठेवा. ‘हात लावू नये’ अशा पाट्या लावायच्या असतील, तर शिल्पे बागेत आणण्याचे प्रयोजन उरत नाही.

कायमच्या शिल्पाबद्दल मी सावध आहे. 1948 साली लंडनच्या बॅटरसी पार्कमध्ये तिथल्या कौंटी कौन्सिलने उघड्यावर शिल्पप्रदर्शन भरवले, त्यात शिल्पकार हेन्री मूर यांच्या तीन उभ्या आकृती होत्या आणि त्या आजही त्याच बागेत आहेत. आपल्याकडे शांतिनिकेतनात शिल्पकार रामकिंकर बैज यांनी 1938 मध्ये केलेले ‘संथाळ कुटुंब’ हे शिल्प आहे. पण रामकिंकरांनी ते उघड्यावरच, सिमेंट आणि जांभ्या खडीत घडवले; घरासाठी केलेली वस्तू त्यांनी बाहेर आणून ठेवली नव्हती. आपली भाजकी माती कमी तापमानाला भाजलेली असेल, तर पहिल्याच पावसाळ्यात शेवाळ धरेल आणि चार-पाच पावसाळ्यांत तिचे पोपडे निघतील. त्यापेक्षा यंदा काही ठेवू नका. मुलांकडून न भाजलेल्या शाडूची पाखरे आणि बेडूक करून घ्या आणि ते करंजाच्या आळ्यांच्या कडेला ठेवा. पाणी देता देता महिनाभरात ते विरघळतील. फक्त आळ्याच्या आत ढीग करू नका, शाडू सुकला की मातीवर कडक पापुद्रा धरतो, हे वरच्या उद्यानवाल्या काकांना आवडणार नाही.

पुढच्या वर्षी खरोखर कायमचे काही करायचे असेल, तर ते बागेसाठीच, बागेत बसून, फेरोसिमेंटमध्ये (तारेच्या जाळीवर सिमेंट थापून) करावे, महापालिकेची लेखी संमती आधी घ्यावी आणि त्याची डागडुजी कोण करणार हे त्याच कागदावर लिहावे. व्यक्तीचा पुतळा मात्र सुचवू देऊ नका. त्याच्या परवानग्यांची वाट वेगळी आणि लांब आहे, आणि कोणाचा पुतळा यावरून वसाहतीत दोन तट पडतील, ते वेगळेच.

कोरडा_कुंचला यांच्याशी एका बाबतीत माझे मत जुळत नाही. लोकांसमोर काम करणे प्रत्येक चित्रकाराला जमत नाही. काहींचा हात गर्दीत अवघडतो. ज्यांची इच्छा असेल त्यांनाच बसवावे आणि बाकीच्यांनी आपल्या चित्राजवळ नुसते उभे राहिले तरी चालेल. त्यांना विचारणारे विचारतीलच.

शाडू आणि भट्टी यांसाठी शाहूपुरी किंवा गंगावेशीच्या कुंभार गल्लीत आताच बोलून ठेवा. माघी गणेशजयंती जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत येते आणि त्या दिवसांत तिथे कोणालाही मान वर करायला सवड नसते.