बायपासनंतर गोड खाल्लं तरी आता काहीच होत नाही, हे चांगलं की वाईट?

मधलीसुट्टी

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज लिहितेय. माझी गॅस्ट्रिक बायपास (वजन कमी करायचं पोटाचं ऑपरेशन) झालीय, पुढच्या महिन्यात वर्ष होईल. वजन छान उतरलं, शुगरची गोळी बंद झाली, जिना चढताना गुडघे बोलायचे ते थांबले, त्या बाबतीत तक्रार काही नाही.

सुरुवातीला मला गोडाची धास्तीच बसली होती. कोणाच्या तरी वाढदिवसाला क्रीमवाला केक खाल्ला आणि अर्ध्या तासाच्या आत छाती धडधडायला लागली, दरदरून घाम, पोटात मुरडा, शेवटी आतल्या खोलीत जाऊन आडवीच झाले, बाहेर लोक फोटो काढतायत आणि मी पंख्याखाली डोळे मिटून. त्यानंतर गोड दिसलं की हात आपोआप मागे यायचा, ठरवावं लागायचं नाही. पण आता काही आठवडे झाले, चॉकलेटचा तुकडा खाल्ला काही नाही, दुसरा खाल्ला तरी काही नाही, मग आईस्क्रीमपण पचलं. तेव्हापासून रोज रात्री जेवण झालं की मन फ्रीजपाशी. भूक नसते हो, पोट गच्च असतं तरी. आणि ऑफिसात तर दर दोन दिवसांनी कोणी ना कोणी डबा फिरवतंच, वर "अगं आता बारीक झालीस, आता काय भीती" हे ऐकवतात.

तर विचारायचंय की डंपिंग, म्हणजे गोड खाल्ल्यावर होणारा हा धडधड-घाम-मुरड्याचा त्रास, असं आपोआप जातं का? तुम्ही गोड पूर्ण सोडलंय की थोडं खाता? शुगरफ्री चालतं का? आणि कृपया "मनावर ताबा ठेवा" एवढं सोडून काहीही सांगा, तो असता तर ऑपरेशन टेबलवर चढलेच नसते.

---

सावकाशगडी

ताई शेवटचं वाक्य फ्रेम करून लावण्यासारखं आहे.

माझी स्लीव्ह आहे, म्हणजे जठराचा मोठा भाग काढून बारीक नळीसारखं पोट ठेवतात ते ऑपरेशन. स्लीव्हमध्येही काहींना डंपिंग होतं पण मला पहिल्या दिवसापासून कधीच झालं नाही, म्हणजे तुम्ही आत्ता जिथे आलाय तिथे मी आधीपासूनच आहे. माझा अनुभव असा की भीतीवर चालणारा बंदोबस्त भीती असेपर्यंतच चालतो, नंतर दुसरं काहीतरी उभं करावं लागतंच.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या, जी मला कोणी नीट सांगितली नव्हती. आपल्या पोटाला फक्त घट्ट पदार्थ कळतात. दोन उकडलेली अंडी खाल्ली की मला पुढचे तीन तास काही नको असतं. पण आईस्क्रीम, चॉकलेट, चहात बुडवलेलं बिस्किट हे तोंडातच पातळ होतं आणि सरळ खाली घसरतं, पोट भरल्याचा सिग्नल येतच नाही. त्यामुळे "आता पोट लहान आहे, खाऊन खाऊन किती खाणार" हा हिशोब गोडाला लागूच पडत नाही. एवढ्याशा पोटातून अख्खा आईस्क्रीमचा डबा जाऊ शकतो, फक्त तासभर लागेल.

मी काय करतो तर गोड कधीही रिकाम्या पोटी नाही आणि एकटं नाही. आधी प्रोटीन, मग भाजी, आणि त्यानंतर जागा उरली तर दोन घास, बशीत काढून, खुर्चीवर बसून. पाकिटातून खायचं नाही, उभ्याने तर अजिबात नाही. घरात साठा नाही. खावंसं वाटलं तर बाहेर जाऊन एकच नग आणायचा. दहापैकी आठ वेळा चपला घालायचाच कंटाळा येतो आणि विषय संपतो :)

रात्रीचं म्हणाल तर जेवण झालं की लगेच दात घासून टाकतो. हसू नका, तोंडात पेस्टची चव असताना चॉकलेट भयंकर लागतं.

---

साखरबंद

सावकाशगडी यांच्याशी असहमत. दोन घास वगैरे ज्यांना जमतं त्यांना जमतं. मला एक तुकडा म्हणजे सुरुवात असते, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला मेंदू परत मागणार, तिसऱ्या दिवशी भांडण करणार. पूर्ण बंद केलं तेव्हा पहिले दोन-तीन आठवडे चिडचिड झाली, डोकं दुखलं, घरच्यांवर खेकसलो, पण नंतर जीभच बदलली. आता साधं सफरचंद गोडमिट्ट लागतं. रोज "खाऊ का नको" असं स्वतःशी वाटाघाटी करण्यापेक्षा हे सोपं. ताई रोज रात्री होतंय म्हणताय ना, मग थोडं थोडंच्या भानगडीत पडू नका.

---

सावकाशगडी

@साखरबंद तुम्हाला जमलं हे उत्तमच. पण मी अशीही माणसं बघितलीत की पूर्ण बंद, पूर्ण बंद, आणि मग एखाद्या लग्नात बांध फुटतो तो महिनाभर आवरत नाही. आपण कुठल्या जातीचे ते ज्याचं त्याने ओळखावं.

---

कोरडीवाटी

ताई, बाकी सगळं नंतर वाचा, हे आधी वाचा. "काहीच होत नाही" असं तुम्ही म्हणताय ते खाल्ल्यावर किती वेळापर्यंत बघून म्हणताय?

डंपिंग दोन प्रकारचं असतं. केक खाल्ल्यावर तुम्हाला झालं ते पहिलं, अर्ध्या तासाच्या आसपास येणारं. बायपासमध्ये वरची छोटी पिशवी राहते साधारण ३० मिलीची आणि जठराच्या खालच्या टोकाशी जी झडप असते तो रस्ताच वगळला जातो, त्यामुळे साखर थांबत नाही, थेट लहान आतड्यात जाऊन पडते. तिथे ती आजूबाजूचं पाणी ओढून घेते, म्हणून मुरडा आणि जुलाब, बीपी खाली, धडधड. हे बऱ्याच जणांचं काही महिन्यांनी-वर्षांनी कमी होत जातं, तुमचं तेच झालेलं दिसतंय.

दुसरं येतं खाल्ल्यावर एक ते तीन तासांनी. साखर इतक्या झपाट्याने रक्तात चढते की शरीर घाबरून इन्सुलिन जास्तीचं सोडतं, मग शुगर धाडकन खाली. आणि हे गंमत म्हणजे बऱ्याचदा ऑपरेशनला वर्ष उलटल्यावर सुरू होतं, म्हणजे जेव्हा आपण समजतो की सुटलो एकदाचे. माझं असंच झालं. दुपारी जेवणानंतर गोड, आणि तीन-साडेतीनला कीबोर्डवर बोटं थरथरायची, स्क्रीनवरची अक्षरं पुसट, वखवखल्यासारखी भूक. मला वाटायचं कामाचा ताण. मग काय, ड्रॉवरमधलं बिस्किट, की दहा मिनिटांत बरं वाटायचं, आणि दोन तासांनी परत तेच. म्हणजे गोडाची तलफ म्हणून जे मी समजत होते त्यातला निम्मा भाग खाली गेलेली शुगरच मागत होती. घरात आईचं शुगर मोजायचं मशीन होतं, एकदा त्या थरथरीच्या वेळी बोट टोचून बघितलं तर आकडा पन्नाशीत!

तेव्हा गोड खाल्ल्यावर दोन तासांनी काय होतं ते बघा. थरथर, घाम, डोकं बधिर, अचानक रडू किंवा चिडचिड असलं काही असेल तर सर्जनना नाहीतर शुगरच्या डॉक्टरना सांगा, आणि त्या अवस्थेत गाडी चालवू नका. ७० च्या खाली असेल तर साधारण १५ ग्रॅम ग्लुकोज, पंधरा मिनिटांनी परत मोजा, आणि वर आली की काहीतरी प्रोटीनचं खा. हा दुसरा टप्पा लोक विसरतात आणि मग चक्र सुरूच राहतं.

---

ताटवाली

मी आहारतज्ज्ञ आहे, बॅरिअॅट्रिक, म्हणजे वजनाच्या ऑपरेशनचे, पेशंट रोज बघते. कोरडीवाटी यांनी अगदी नेमकं लिहिलंय. मी शुगरफ्रीबद्दल बोलते कारण त्यावर सगळ्यात जास्त गैरसमज आहेत.

पाकिटावर शुगरफ्री लिहिलंय म्हणजे पोटाला सोपं असं नाही. शुगरफ्री चॉकलेट आणि गोळ्यांमध्ये बहुतेकदा माल्टिटॉल, सॉर्बिटॉल असतं, ते नीट शोषलं जात नाही, गॅस आणि जुलाब होतात आणि पेशंटला वाटतं डंपिंग झालं. मागची बाजू वाचायची सवय लावा. माल्टोडेक्स्ट्रिन, डेक्स्ट्रोज, कॉर्न सिरप ही सगळी साखरेच्याच कुळातली, आणि "हेल्दी" म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रोटीन बारमध्येसुद्धा निघतात. मध, खजुराचं सिरप, फळांचा रस यांना "नैसर्गिक" म्हणून सूट देऊ नका, आतड्याला ते काही कळत नाही. रस तर सगळ्यात वाईट, कारण पातळ. त्यापेक्षा अख्खं फळ चावून खा, तेही जेवणात दह्यासोबत. स्टेव्हिया किंवा सुक्रालोज थोड्या प्रमाणात चालतं, पण ज्यांना गोड चवीनेच पुढची ओढ लागते त्यांना मी तेही कमी करायला सांगते. आणि जेवताना पाणी नको, जेवणानंतर अर्धा तास तरी थांबा, पाण्याबरोबर अन्न आणखी वेगाने पुढे सरकतं.

ताई, वर्षाच्या आसपास भूक आणि ओढ परत जाणवणं हे अगदी अपेक्षित आहे, तुमचं काही बिघडलेलं नाही. पहिल्या काही महिन्यांत हार्मोन आणि चव दोन्ही आपल्या बाजूने असतात, पुढे तो जोर ओसरतो. मी आधी हे विचारीन की दिवसभरात प्रोटीन ६० ग्रॅमच्या वर जातंय का? सकाळचा नाश्ता उडवताय का? रात्रीची ओढ पुष्कळदा दुपारीच तयार झालेली असते. तीन दिवस फक्त लिहून काढा काय खाल्लं आणि किती वाजता, खाणं बदलू नका, नुसतं लिहा. बी१२, लोह, कॅल्शियम चालू आहे ना? वर्ष झालं की पुष्कळ जण गोळ्या आपल्या आपण बंद करतात. ते करू नका, त्या आयुष्यभराच्या आहेत.

अजून एक नाजूक मुद्दा. गोड सुटलं आणि त्याच्या जागी दारू आली असं होताना मी पाहिलंय. बायपासनंतर दारू फार लवकर आणि जास्त चढते. आणि खाणं लपूनछपून होत असेल, खाऊन झाल्यावर स्वतःचा राग येत असेल तर समुपदेशकाकडे जा, तो उपचाराचाच भाग आहे.

---

बाजूचीखुर्ची

मी पेशंट नाही, माझ्या बायकोची बायपास झालीय. घरच्या बाजूने लिहितो, कारण आग्रहाबद्दल विचारलंय.

ऑपरेशननंतर मी स्वतःला चौकीदार नेमलं होतं. ताटात काय घेतलं, किती घेतलं, "हे चालतं का तुला?" हे दिवसातून दहा वेळा. मग एकदा गाडीत टिशू शोधायला डॅशबोर्डचा कप्पा उघडला तर चॉकलेटचे चांदीचे कागद, अगदी बारीक घड्या घालून टिशूच्या पाकिटाच्या मागे सरकवलेले. मी काही बोललो नाही, कप्पा बंद केला. पण माझ्यापुढे खायची लाज वाटते म्हणून ती पार्किंगमध्ये बसून खाते हे कळल्यावर चौकीदारी त्या दिवशीच सोडली. नंतर कधीतरी तिनेच विषय काढला. आता ठरलंय असं की मुलांचा खाऊ वरच्या फळीवर, आरपार न दिसणाऱ्या डब्यात, आणि तिला गोड हवं असेल तर सगळ्यांसमोर टेबलवर, कोणी वर बघायचं नाही, कोणी मोजायचं नाही. कागद परत सापडले नाहीत, अर्थात मी शोधतही नाही.

आग्रह करणाऱ्यांसाठी तिचं वाक्य ठरलेलं आहे: "आत्ताच जेवलेय, बांधून द्या, घरी नेते." नाही म्हटलं की लोक कारण विचारतात, ऑपरेशनवर घसरतात, मग त्यांच्या ओळखीतल्या कोणाचं तरी वजन परत कसं वाढलं ते सांगतात. बांधून द्या म्हटलं की समोरचा खूश. घरी आल्यावर ते मी आणि मुलं संपवतो, त्यामुळे आता माझंच वजन वाढायला लागलंय हा भाग वेगळा.

---

मधलीसुट्टी

बापरे, एवढी उत्तरं येतील वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार.

@कोरडीवाटी तुमचं वाचून जरा हबकलेच. ऑफिसात चारच्या सुमारास मला पण हात कापल्यासारखं होतं आणि मी ते चहाची वेळ झाली म्हणून सोडून देत होते. आणि तेव्हाच तो डबा फिरत असतो!! सर्जनच्या सिस्टरना फोन केला, परवाची वेळ मिळालीय. पण माझी तीन महिन्यांची शुगर गेल्याच महिन्यात नॉर्मल आलीय, मग हे त्यात कसं नाही दिसलं? आणि शेजारच्या लॅबवाल्याने सांगितलं की ग्लुकोज पिऊन करतात ती टेस्ट करून टाका, लगेच कळेल. करू का जायच्या आधी?

@ताटवाली नाश्ता उडवते, हो. कसं ओळखलंत. लिहायला आजपासून सुरुवात केलीय, पहिल्याच पानावर दुपारपर्यंत नुसते दोन कप चहा आहेत.

@बाजूचीखुर्ची "बांधून द्या" उद्यापासून चालू.

---

कोरडीवाटी

नका करू ती, डॉक्टरना विचारल्याशिवाय तर नाहीच. बायपासवाल्यांनी एवढं ग्लुकोजचं पाणी रिकाम्या पोटी प्यायलं तर तिथेच खुर्चीत डंपिंग होतं, आणि शुगर इतकी खाली येते की रोजच्या जेवणानंतर काय होतं ते त्यातून कळतच नाही. गरज वाटली तर ते जेवण देऊन नंतर मोजायची टेस्ट करतात. आणि तीन महिन्यांची टेस्ट म्हणजे सरासरी, वर चढलेलं आणि खाली पडलेलं एकमेकांत जिरून जातं म्हणून आकडा छान दिसतो.

परवापर्यंत एवढंच करा, कोणाकडून तरी मशीन आणा आणि चारला कापायला लागलं की आधी बोट टोचा. आकडा, वेळ आणि त्याआधी काय खाल्लं होतं ते लिहून ठेवा, डॉक्टर पहिलं तेच विचारतील. स्ट्रिपची एक्सपायरी बघून घ्या, मला आईच्या डब्यात दोन वर्षं जुन्या सापडल्या होत्या.