पावसात डोंगर पळताना तुम्ही कुठं पडलात?

टिळकवाडी, बेळगाव

जुलैतल्या एका रविवारी जांबोटीच्या बाजूला २१ किलोमीटरची ट्रेल रेस, म्हणजे डोंगरवाटेची शर्यत, पळालो आणि तीनदा आपटलो. पहिल्या दोन वेळा कुणी बघितलं नाही, तेव्हा ते धरायचं नाही. तिसऱ्या वेळी मात्र समोरून भाताच्या रोपांचे भारे डोक्यावर घेतलेल्या दोन मावश्या येत होत्या आणि त्यांच्यामागून एक कुत्रं. कुत्रं तेवढं थांबलं. मावश्यांपैकी एक चालता चालताच म्हणाली, "गवतावरनं ये की रं बाळा. वाटेवरनं कशाला यालैस?"

मी वाट सोडत नव्हतो, कारण रेसच्या खुणेच्या रिबिनी वाटेच्या कडेनं बांधलेल्या. माझ्या आधी दीडशे जण त्या लाल मातीवरून गेले होते आणि तिचं लोणी झालं होतं. कडेला वीतभर गवत उभं, पण तिथं पाय टाकायचं सुचलंच नाही. वर घसरायला लागलो की टाच पुढं रोवून थांबायला बघत होतो. टाच रोवली की माणूस बसतोच, हे ढोपर सोलल्यावर कळलं.

तयारी नव्हती असं नाही. मेपासून दर रविवारी यळ्ळूरचा राजहंसगड चढत होतो. पण चढून झालं की गाडीरस्त्यानं गप्पा मारत खाली. उतरायचाही सराव करायचा असतो हे कुणी सांगितलं नव्हतं. रेसनंतर चार दिवस घरचा जिना उलट्या तोंडानं, कठडा धरून उतरलो. आई म्हणाली, "पैसे भरून जातोस न्हवं तिकडं?"

तर पावसात डोंगरात पळालेल्यांनी इथं लिहा. वेळ आणि पदकं नकोत, ती फोटोंत बघून झालीत. कुठं पडलात, कशानं पडलात, ते सांगा. बेळगाव, खानापूर, चंदगड, निपाणी, कुठलेही असा.

खानापूर

मी शाळेत शिकवते. १० किलोमीटरला नाव दिलं होतं आणि पडले ती गाड्या लावायच्या शेतात, रेस सुरू व्हायच्या अर्धा तास आधी. एक बरं झालं, कपडे खराब होतील ही काळजी तिथंच मिटली.

माझं माहेर नागरगाळीच्या बाजूचं, त्यामुळं जळवांचं काही नवल नव्हतं. माझ्या पुढं पुण्याहून आलेला एक मुलगा होता. कारवीतून वाट जाते तिथं त्यानं सहज मोजा खाली केला आणि मटकन बसला. पोटरीला चार होत्या. काडीएवढी जळू रक्त पिऊन करंगळीएवढी होते, हे त्यानं कधी बघितलं नसावं. उपटायला लागला, तशी मी वर्गात ओरडते तशी ओरडले. बटाट्याला लावायला पुडीत मीठ नेलं होतं, ते चोळलं. गळून पडल्या. रक्त मात्र थांबेना. जळवेच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं, म्हणून जखम टाचणीच्या टोकाएवढी आणि ओघळ घोट्यापर्यंत. त्याला वाटलं, संपलं सगळं. "काकू, ॲम्ब्युलन्स कुठं आहे?"

मी ३४ वर्षांची आहे. जळवांपेक्षा ते काकू जास्त लागलं.

पुढं दोघं चालतच गेलो. शेवटून तिसरी मी, चौथा तो. सोमवारी वर्गात पहिला प्रश्न, "बाई, तुमच्या मागं कोण होतं?"

निपाणी

जळवांवरचा रामबाण आमच्याच गावात आहे असं मला वाटत होतं. निपाणीत तंबाखूला काय तोटा? वखारीतनं मूठभर भुकटी आणली, फडक्यात बांधून दोन्ही मोज्यांत कोंबली. जळू एकही चढली नाही. पण आठव्या किलोमीटरपासून तोंडाला पाणी सुटायला लागलं, मग गरगरायला लागलं. वाटलं पित्त असेल, रिकाम्या पोटी चहा झाला होता. बाराव्याला एका बांधावर बसून सगळं ओकलो. पडण्यात हेच धरा.

पाणी वाटणाऱ्या पोरानं मोजे काढायला लावले. पिळले तर पिवळं पाणी. घरी आल्यावर आज्जीला सांगितलं तर ती हसत सुटली. दंव पडलेल्या पानात सकाळी काम केलं की शेतावरच्या बायकांना असंच व्हायचं म्हणे, पोटात ढवळायचं, डोकं फिरायचं. ओल्या कातडीतून निकोटिन अंगात शिरतं हे मी मोबाइलवर वाचलं, तिला ते पन्नास वर्षं माहीत होतं. आधी विचारायला हवं होतं.

आणखी एक. आमच्या पूर्वेकडच्या शिवारात काळी माती. ती घसरवत नाही, चिकटते. बुटाच्या तळाचे दाते जवळजवळ असले की मधल्या फटी भरून जातात आणि पायाला वीट बांधल्यासारखं होतं. तिकडच्या लाल मातीत पहिला तास पाय एवढे हलके पडत होते की मला वाटलं आपण नंबर काढतो. मग उतार आला.

अनगोळ

मी पडलो नाही. पाचव्या किलोमीटरला गाडीरस्ता ओलांडताना टपरी दिसली, तिथं बसलो. भजी कढईतनं नुकती निघत होती. पाऊस उघडेपर्यंत थांबायचं ठरवलं होतं. तो मंगळवारी उघडला.

जांबोटीजवळचं एक गाव

मी पळणाऱ्यातला नव्हे, पळणाऱ्यांना अडवणाऱ्यातला. रेसच्या आदल्या दिवशी आम्ही गावातली पोरं वाट आखतो आणि रेसला ओढ्यावर उभी राहतो.

आधी रिबिनींचं. कमरेच्या उंचीला बांधल्या होत्या. पहाटे पाचला बघतोय तर निम्म्या जनावरांनी चघळलेल्या. मग डोक्याच्या वर बांधत गेलो, तोवर पहिले पळणारे मागं येऊन ठेपले. तेव्हा कुणी वाट चुकलं असेल तर म्हशींना सांगा.

आता ओढा. हब्बनहट्टीचा नदीकाठचा मारुती मलप्रभेत बुडाला की आमच्याकडं पाऊस लागला म्हणायचं. त्या वर्षी मारुती आठवडाभर आधीच पाण्यात होता. तरी रेसच्या सकाळी आमच्या ओढ्याला पाणी गुडघ्याच्या खाली. दोन्ही काठांच्या झाडांना दोर बांधला. पलीकडं दोघं, अलीकडं आम्ही दोघं आणि फॉरेस्टचा एक गार्ड. वाट भीमगड अभयारण्याच्या बाहेरनं जाते, तरी परवानगी लागते आणि गार्ड येतो. पहिले साठ-सत्तर जण हसत, फोटो काढत पार झाले. आमच्या डोक्यावर पाऊस नव्हताच, जरा ऊनसुद्धा पडलं होतं. पण पश्चिमेला, कणकुंबी-आमगावच्या अंगाला, आभाळ डोंगरावर टेकलेलं. आमगावचा पाऊस एखाद्या वर्षी कर्नाटकातल्या धो धो पावसाच्या आगुंब्याला मागं टाकतो. तिकडं कोसळला की आमच्याकडं कळायला तास-दीड तास लागतो.

पाणी चढायच्या आधी रंग बदलतं. आमचे अण्णा लहानपणापासून सांगतात, पाण्याचा चहा झाला की काठ सोडायचा. आधी पानं आणि काटक्या यायला लागल्या. मग फेस. मी पाण्यातल्या एका धोंड्यावर नजर ठेवून होतो, त्याच्या कमरेला शेवाळाचा हिरवा पट्टा होता. बोलता बोलता पट्टा गेला. गार्ड ओरडला, "नीर बंतु! हिंदक्क होग्री!" म्हणजे पाणी आलं, मागं व्हा. एरवी तो आमच्याशी मराठीच बोलतो.

एक ताई तेव्हा दोराला धरून मधोमध होत्या, पाणी मांडीला लागलेलं. पलीकडच्यांनी हाताला धरून ओढून घेतलं. लगेच आम्ही आमच्या बाजूचा दोर सोडला. अलीकडं तोवर पंचवीस-तीस जण गोळा झालेले. एक साहेब अंगावरच आले. कट-ऑफ, म्हणजे पोचायची ठरलेली वेळ, जाणार, सहा महिने तयारी केलीय, आणि मला पोहता येतं. मी म्हटलं, मलाही येतंय साहेब, ह्याच ओढ्यात शिकलोय.

वीस मिनिटांत धोंडा दिसेनासा झाला. एक आख्खा जांभूळ मुळांसकट आमच्यासमोरनं खाली गेला. कुणी काही बोलेना. मग त्या साहेबांनीच आयोजकांना फोन लावून सांगितलं की ह्यांचं बरोबर आहे, इथनं कुणाला सोडू नका. सगळ्यांना गाडीरस्त्यानं फिरवून आणलं, साडेचार किलोमीटर जास्तीचं. साहेब सगळ्यात पुढं होते.

पडायचं म्हणाल तर दोर गुंडाळताना काठावरनं मी घसरलो. पण ते कुणी बघितलं नाही.

शहापूर, बेळगाव

दवाखान्यातून लिहितेय, पेशंट येईपर्यंत. खानापूरच्या बाई, मिठानं जळू सुटते खरी, पण सुटताना पोटातलं जखमेत ओकते. तिच्या बारीक टोकापाशी, म्हणजे तोंडापाशी, नख आडवं सरकवायचं. मग साबण-पाण्यानं धुऊन फडकं दाबून धरायचं. रक्त बराच वेळ येतं, घाबरायचं नाही. तंबाखूचं निपाणीकरांनी स्वतःच सांगितलंय.

माझं पडणं वेगळं. बेळगावच्या जुलैत थंडीनं काय होणार, असं मीही म्हणायचे. १७ व्या किलोमीटरला पठारावर आले तेव्हा पाय संपले होते, पळणं थांबून चालणं सुरू झालं होतं. पळत असताना अंग स्वतःच तापतं. चालायला लागलं की ओले कपडे आणि वारा मिळून ऊब काढून घेतात. दात वाजायला लागले. पळताना ताकदीसाठी खायच्या जेलचं पाकीट फाडता येईना, बोटं ऐकतच नव्हती. मग पायही लटपटले आणि सपाट जमिनीवर पडले. पेशंटचं असं वर्णन कुणी केलं असतं तर मी लगेच म्हटलं असतं, आधी कोरडं करा, गरम द्या. स्वतःला मात्र सांगत होते, चारच तर राहिलेत. मागून आलेल्या एका अनोळखी बाईनं पाकीट दातानं फाडून तोंडात दिलं. तिच्या बॅगेतून कचऱ्याची मोठी काळी पिशवी काढली, तळाला भोक पाडलं आणि माझ्या डोक्यातून घातली. शेतातलं इरलं म्हणजे तरी दुसरं काय? दहा मिनिटांत बोटं परत आली. आता माझ्या बॅगेत दोन पिशव्या असतात.

आणि एक. खाचरांतून पळाला असाल, पायाला ओरखडे असतील आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या ठणकल्या, डोळे लाल झाले, तर डॉक्टरला नुसतं "पावसात भिजलो" सांगू नका. चिखलात पळालो होतो हे सांगा. लेप्टोचा, म्हणजे घाण पाण्या-चिखलातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसच्या तापाचा, विचार वेळेत होतो.

निपाणी

मीठ नको, तंबाखू नको. जळवांनी नशीब काढलं.

कॅम्प, बेळगाव

मराठा लाइट इन्फंट्रीत २४ वर्षं नोकरी. वय ५८. पडलो साकवावर. आडवी टाकलेली दोन खोडं, साल निघालेली, वर पाऊस. बूट कितीही भारी असो, साल गेलेल्या ओल्या लाकडावर तो धरत नाही. खाली पाणी फार नव्हतं म्हणून नुसतीच बरगडी दुखावली. दुसऱ्या फेरीला त्याच साकवावरनं घोड्यावर बसल्यासारखा बसून सरकत गेलो. मागची पोरं हसली, मग तीही बसली.

पाय कोरडे ठेवायचं वेड सोडा. मी नवव्या किलोमीटरला झाडाखाली बसून कोरडे मोजे चढवले, नीट नाडी बांधली, उठलो, वळण घेतलं तर समोर ओढा. पाय भिजणारच. सकाळीच बोटांच्या बेचक्यांत आणि टाचेला व्हॅसलिन भरपूर चोपडायचं. फोड पाण्यापेक्षा बुटात शिरलेल्या वाळूनं येतात. ओढ्यात पाय आहेच तर बूट खळखळून घ्यायचा.

चंदगड

बेळगावकरांनो, उतरायच्या सरावाला आमच्याकडं या. देवरवाडीच्या वैजनाथापासून वर महिपालगडापर्यंत चढ आहे, उतार आहे आणि जुलैत धुकं एवढं की स्वतःचे बूट अंदाजानं ओळखायचे. गेल्या साली मी पुढच्या पिवळ्या रेनकोटच्या मागं मुकाट्यानं पळत होतो. चांगला पळत होता गडी. दीड किलोमीटरनं तो वळून म्हणाला, "तुमचा बी सुटलाय काय?" त्याचा बैल सुटला होता. बैल सापडला, मी मात्र तीन मिनिटांनी कट-ऑफ चुकवला.

टिळकवाडी, बेळगाव

सगळ्यांचं वाचलं. काल सुट्टी होती, म्हणून परत त्या उताराला गेलो. रेस नाही, रिबिनी नाहीत. गवताच्या बुंध्यांवर पाय टाकत, गुडघे जरा मोडून, लहान पावलांनी उतरलो. जमतंय असं वाटायला लागलं तेवढ्यात जांभ्याचा एक काळपट सपाट दगड आला, गवतातच, शेवाळलेला. बसलो.

खालच्या खाचरात मावश्या लावणी कराल्या होत्या. त्याच होत्या की दुसऱ्या, सगळ्यांनी डोक्यावरनं प्लॅस्टिकच्या खोळी घेतलेल्या, ओळखू येईना. त्यातली एक कंबर सरळ करून ओरडली, "आज एकटाच पडालैस व्हय?"