बालवाडीची कामं घरात कोण करतं? तुमचे अनुभव लिहा

बालवाडी म्हणा, अंगणवाडी म्हणा, नाहीतर ज्युनिअर केजी. तीन-चार वर्षांचं मूल शाळेत जायला लागलं की घरातल्या मोठ्यांच्याही मागे शाळा लागते. आज झाडाची पानं न्या, उद्या राधेचा पोशाख, परवा आई-बाबांनी येऊन गोष्ट सांगा.

मध्यंतरी लेकीच्या शाळेत 'आपले मदतनीस' या विषयावर प्रदर्शन होतं. चार वर्षांच्या मुलांच्या नावाने अग्निशमन दलाच्या गाड्या मांडल्या होत्या, त्यातल्या काहींचे दिवेसुद्धा लागत होते. मोडतोड होऊ नये म्हणून बाई टेबलापुढे उभ्या. म्हणजे ज्याच्या नावाची गाडी, त्यालाच हात लावायला बंदी!

तर लिहा. शाळेने काय मागितलं, घरात ते कोणी केलं, आणि ते चाललं असताना मूल काय करत होतं? तिसरा प्रश्न टाळू नका. शाळांची नावं मात्र नकोत.

डोंबिवलीची आई

मूल काय करत होतं? झोपलं होतं. रात्री अकराला दुसरं काय करणार!

माझं ऑफिस लोअर परळला. वर्गाच्या ग्रुपवर संध्याकाळी निरोप येतो: उद्या यलो डे, पिवळे कपडे, पिवळं फळ, घरातली एक पिवळी वस्तू. तेव्हा मी लोकलमध्ये एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताने केळी मागवत असते. प्रोजेक्ट असला तर स्टेशनबाहेरचा स्टेशनरीवाला तयारच बसलेला असतो. झोपडी, इग्लू, सूर्यमाला, सगळं ऑर्डरप्रमाणे. थर्माकोलच्या सजावटीवर महाराष्ट्रात २०१८ साली बंदी आली, पण इग्लूची मागणी काही वितळली नाही.

ग्रुपचं नाव 'ज्यु. केजी मॉम्स'. नवऱ्यालाही त्यात घ्या म्हटलं, तर अॅडमिनबाई म्हणाल्या, "बाकीच्यांना ऑकवर्ड होईल गं." म्हणजे निरोप माझ्याकडे, आठवण माझ्याकडे, आणि विसरलं तर बोलणीही मलाच.

यंदा आम्ही काही जणींनी मिळून बाईंना दोन गोष्टी सांगितल्या. महिन्याची यादी एक तारखेला द्या आणि मुलांना जे जमेल तेच मागवा. पहिली लगेच मान्य झाली. दुसरीसाठी बाईंनाच वरती भांडावं लागलं, कारण प्रदर्शनाचे फोटो माहितीपत्रकात छापतात म्हणे. शेवटी मुलाने स्वतः रंगवलेला सूर्य लागला. तो हिरवा होता. एका आजींनी "हे कोणाचं?" असं ज्या सुरात विचारलं, तो सूर अजून कानात आहे. लेकाने मात्र येणाऱ्या प्रत्येकाला हाताला धरून तो सूर्य दाखवला.

अंगणवाडीताई, नाशिक जिल्हा

मी सेविका आहे. आमच्याकडे प्रोजेक्ट-बिजेक्ट नसतं, म्हणून लिहू की नको असं झालं. पण आईला कामाला लावायची आमचीही पद्धत आहे, ती सांगते.

२०२२ पासून पहिलीत जाणाऱ्या पोरांसाठी झेडपीच्या शाळेत 'पहिले पाऊल' म्हणून शाळापूर्व तयारी मेळावा भरतो. एकदा एप्रिलमध्ये, मग शाळा सुरू होताना जूनमध्ये. शाळेचे गुरुजी आणि आम्ही मिळून करतो. प्रभातफेरी निघते, पताका लागतात. आत सात टेबलं. पहिल्यावर नाव नोंदवायचं. पुढे उड्या मार, दोरीवरून चाल, कागद फाड, रंग भर. मग वस्तूंच्या जोड्या लावणं, स्वतःची ओळख सांगणं, चित्र बघून बोलणं, कमी-जास्त ओळखणं. प्रत्येक टेबलावर पोराचं विकासपत्र भरतात. शेवटचं टेबल आयांचं असतं. तिथे समजावून सांगतात की उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी काय काय करून घ्यायचं. वस्तीप्रमाणे पाच-सहा आयांचे गट पाडतात, साहित्य देतात, मोबाइलवर व्हिडिओ पाठवतात.

इथवर कागदावरचं झालं. खरी गंमत गटात. पहिल्या वर्षी एक आई म्हणाली, "मी चौथी शिकलेली, मी काय शिकवू त्याला?" मी म्हटलं, तू कांद्याची प्रतवारी करतेस ना? मोठा, मधला, गोल्टी. बस त्याला शेजारी आणि करू दे. दुसऱ्या दिवशी पोरगं कांदाचाळीत बसून ढीग लावत होतं आणि मधला कुठला, गोल्टी कुठली यावर बापाशी हुज्जत घालत होतं. जूनच्या मेळाव्यात लहान-मोठं त्याने असं धडाधड सांगितलं की गुरुजी हसायला लागले.

मोबाइलचं एक राहिलं. बऱ्याच घरांत चांगला फोन एकच, आणि तो मालकांच्या खिशात. ते शेतातून नाहीतर पिंपळगावच्या मार्केटातून आले की मग व्हिडिओ उघडणार. तोवर पोरं पेंगलेली असतात. म्हणून आमच्या बायांनी ठरवलं की ज्या घरी दिवसा फोन असतो त्या ओट्यावर दुपारी जमायचं. व्हिडिओ पाच मिनिटं, गप्पा तासभर. मला चालतं. पोरं तोवर खेळतात आणि आयाही एकमेकींच्या पोरांकडे बघायला लागल्या आहेत.

नागपूरचा बाबा

बायको नर्स आहे, शिफ्ट ड्युटी. म्हणून डबा, वेणी, पालकसभा माझ्याकडे. सभेत गेलो की पहिला प्रश्न ठरलेला: "मम्मी नाही आल्या का?" मग लेकीबद्दल जे सांगायचं ते अर्धंच सांगतात आणि म्हणतात, बाकीचं मम्मींशी फोनवर बोलतो. अरे, वेणी मी घालून देतो ना! कोणत्या बाजूचे केस पोरगी चावते ते मलेच माहीत आहे.

शाळा बारावीपर्यंतची आहे. फी नियमनाच्या २०११ च्या कायद्यानुसार पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती इच्छुकांच्या चिठ्ठ्या टाकून निवडतात. माझं नाव निघालं. आता सभेला गेलो तर कोणी मम्मीला विचारत नाही. फीच्या आकड्यांवर बोलायला बाप चालतो.

म्युनिकहून

इथला अनुभव उलटा आहे, आणि पहिल्यांदा मला तो आवडला नव्हता. मुलाचं किंडरगार्टन सुरू झालं तेव्हा आधी मलाच जावं लागलं. 'आइनगेव्ह्योनुंग' म्हणजे मुलाला रुळवण्याचा काळ. बर्लिनच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत इथे बरीच चालते. तिच्यात पहिले तीन दिवस मुलाला पालकापासून वेगळं करायचा प्रयत्नसुद्धा करत नाहीत. पालकाने कोपऱ्यात बसायचं, स्वतःहून खेळायचं नाही, मूल आलं तर जवळ घ्यायचं. नंतर थोडा वेळ बाहेर जायचं, मग तो वेळ वाढवत न्यायचा. मी हट्टाने नवऱ्याला रजा घ्यायला लावली. तो लॅपटॉप घेऊन बसला, तेव्हा तिथल्या ताईंनी शांतपणे सांगितलं की लॅपटॉप बंद करा, त्याला तुम्ही दिसायला हवेत.

पुण्याहून सासूबाईंचा फोन: "दारात सोडायचं, पाच मिनिटं रडतो, मग गप्प होतो. आमची सगळी अशीच शिकली." त्यांचं म्हणणं अगदी चूक आहे असं मी म्हणणार नाही. पण चिरंजीव रुळले ते रडारड न करता.

हस्तकला इथेही आहे. ११ नोव्हेंबरला सेंट मार्टिनचा सण असतो. त्याच्या आसपास मुलं अंधार पडल्यावर हातात कंदील घेऊन गाणी म्हणत मिरवणुकीने जातात. कंदील करायला पालकांना दुपारी शाळेत बोलावतात. घरून करून आणायचा नाही, तिथेच मुलाबरोबर बसून करायचा. डोंबिवलीच्या ताईंना हे कदाचित पटेल, पण दुपारी तीनला ऑफिस कोण सोडणार हा प्रश्न इथेही उरतोच आणि खुर्च्यांवर बहुतेक आयाच दिसतात. आमचा कंदील दिवाळीचा आकाशकंदील होता, षटकोनी, झिरमिळ्यांसकट. पुढच्या वर्षी दोन जर्मन आयांनी झिरमिळ्या कशा कापायच्या ते विचारून घेतलं.

लिहिणं-वाचणं मात्र शिकवत नाहीत. सहा वर्षांचा होत आला तरी अक्षरं नाहीत, म्हणून माझा जीव वर-खाली होतो. मराठी मुळाक्षरं मी घरी घेते. ते बरोबर की नाही, माहीत नाही.

कोल्हापूरचे आजोबा

मी एसटीतनं रिटायर झालेला कंडक्टर. नातीच्या बाईंनी निरोप धाडला की आजी-आजोबांनी येऊन आपलं काम दाखवावं. आमची मंडळी म्हणाली, तुमचं काय दाखवणार? मी म्हटलं बघच.

माळ्यावरनं जुना तिकिटाचा पत्र्याचा ट्रे काढला, पंच काढला. यंत्र आल्यापासनं त्याला कोण विचारतंय! वर्गात खुर्च्या ओळीनं मांडल्या, पुढं एक पोरगं ड्रायव्हर. मी दोरी ओढल्यागत केली, तोंडानं डबल बेल दिली आणि "चला, गारगोटी, राधानगरी" म्हणून आरोळी ठोकली. सगळी पोरं एकदम गप्प. मग प्रत्येकाला तिकीट. पैसे म्हणून चिंचोके. दोन रुपयांचं तिकीट, पाच चिंचोके दिले तर सुट्टे किती परत? एकानं सांगितलं, "सुट्टे नाहीत, उतरताना घ्या." हे त्याला कोणी शिकवलं काय म्हायत!

पंच मारायला सगळ्यांना पाहिजे होता. बोटात जोर नाही, दोन्ही हातांनी दाबत होती. बाई म्हणाल्या, आजोबा, याच्यासाठीच तर मी त्यांना माती मळायला लावते. नातीनं घरी आल्यावर आजीला तिकीट मागितलं. मंडळींनी पास आहे म्हणून सांगितलं.

बालवर्गशिक्षिका, पुणे

आजोबा, आमच्या वर्गात कधी येता?

आमची बाजूही ऐका. पालकसभेत सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न म्हणजे "वहीत काहीच दिसत नाही, लिहायला कधी घेणार?" २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा एकत्र धरला आणि खेळातून शिकण्यावर भर दिला. प्रश्न तोच राहिला. चार वर्षांच्या मुलाच्या मनगटाची आणि बोटांची तयारी व्हायच्या आत पेन्सिल हातात दिली की ते ती मुठीत धरतं, आणि ती पकड नंतर सोडवायला आम्हालाच बसावं लागतं. मग मी पालकांना हे समजावत बसण्याऐवजी कामाला लावते. एक सकाळ वर्गात बसा, एकाच मुलाकडे बघा आणि ते मूल तुमचं नको. काय दिसलं ते लिहून द्या. एका बाबांनी लिहिलं होतं, "याने अर्धा तास पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतलं. आधी सांडत होतं, शेवटी सांडलं नाही." त्यांनी वहीबद्दल पुन्हा विचारलं नाही.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं. पाड्यावरची मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. अंगणवाडी ती तिथली. आई-बापांना शाळेत बोलावण्याची गरजच पडू नये, अशी सोय त्यांनी तेव्हा करून ठेवली होती. आम्ही आज गेटवर ओळखपत्र तपासतो आणि मग पालकांचा सहभाग वाढवा म्हणून परिपत्रक काढतो.

डिचोली, गोवा

घोव दर्यावर, बोटीवर असतो. शाळेने बाबांकडून गोष्ट मागितली. त्याने रेंज मिळेल तशी तुकड्यातुकड्यांनी रेकॉर्ड करून पाठवली. मागे इंजिनचा आवाज. बाईंनी वर्गात तशीच लावली. मुलांना गोष्टीपेक्षा इंजिन आवडलं.

बीडचा गुरुजी

वरचं सगळं वाचून एक जोडावंसं वाटलं. आमच्या तालुक्यातली गावं दिवाळीच्या आगेमागे निम्मी रिकामी होतात. नवरा-बायकोचा कोयता (जोडीला आमच्याकडं कोयताच म्हणतात) उचल, म्हणजे आगाऊ पैसे घेऊन ऊसतोडीला जातो, कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकात. येणार मार्च-एप्रिलला, कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर. लहान लेकरं एकतर फडावर जातात नाहीतर आजीजवळ राहतात. तुम्ही ज्याला पालकांचा सहभाग म्हणता तो आमच्याकडे नऊवारीत येतो.

आमच्या माता गटात आज्याच जास्त. कागदावर 'आईची सही' असा रकाना आहे, तिथं अंगठे आहेत. एका म्हातारीला व्हिडिओ दाखवला तर म्हणाली, "हे मोबाइल ठिव बाजूला. मी ह्याच्या बापालाबी जात्यावरच्या ओव्या म्हणून निजवलाय." मग वर्गात ओव्या झाल्या. भाषेच्या टेबलावर ते लेकरू पहिल्यांदा बोललं. फडावर गेलेल्या लेकरांचं काय, त्याला माझ्याकडं उत्तर नाही. एप्रिलचा मेळावा त्यांना गाठतो, तेवढंच.

डोंबिवलीची आई

कोल्हापूरचे आजोबा, तिकिटं आणली कुठून? आमच्या शाळेत 'वाहतूक' हा विषय पुढच्या महिन्यात आहे. यादी एक तारखेलाच आली आहे!

कोल्हापूरचे आजोबा

जुने गठ्ठे आता मिळायचे नाहीत. रंगीत कार्डशीट आणा आणि पट्ट्या पोराला कापू द्या, वाकड्या झाल्या तरी चालतंय. पंच स्टेशनरीच्या दुकानात मिळतो. चिंचोके दुप्पट घ्या, पोरं खिशात घालून नेतात.